बायपासमधून आलेलं पाणी : एका घरातल्या आरओचं प्रकरण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. भाचीला तीन दिवस जुलाब होत होते. डॉक्टरांनी ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या दिल्या होत्या, ताप उतरला होता, पोर खेळायलाही लागली होती. पण बहिणीचा जीव थाऱ्यावर नव्हता. "ताई, फेब्रुवारीत एवढं महागाचं मशीन घेतलं. बाहेरचं पाणी आम्ही पीतच नाही. मग हिचं पोट बिघडलं कशानं? ते मायक्रोप्लास्टिक म्हणतात, त्यानं तर नसेल?"

मी सव्वीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं आहे. पाण्याच्या चाचण्या मुलांकडून करून घेण्यात त्यातली बरीच वर्षं गेली. पुढच्या तीन आठवड्यांत मी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर, कठीणपणा मोजायचं साहित्य आणि तपासणीच्या बाटल्या घेऊन बहिणीकडे सहा वेळा गेले. तिथे जे दिसलं ते तिच्या घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. मशीनच्या कंपनीचं आणि सोसायटीचं नाव मुद्दामच देत नाही. एका मशीनवरून त्या कंपनीच्या सगळ्या मशीनांबद्दल बोलणं बरोबर नाही, आणि जे इथे घडलं ते बहुतेक कुठल्याही घरात घडू शकतं.

घर आणि घरातलं पाणी

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पुढच्या टोकाला, महापालिकेच्या हद्दीत अलीकडे आलेल्या भागात ही सोसायटी आहे. घरात बहीण, मेहुणे, तिच्या सासूबाई आणि आठ वर्षांची भाची. महापालिकेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेही कमी दाबाने. उरलेली गरज टँकरवर भागते. दोन्ही पाणी जमिनीखालच्या एकाच टाकीत पडतं आणि तिथून गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाक्यांत चढतं. म्हणजे स्वयंपाकघरातल्या नळाला आज कुठलं पाणी आहे, हे काल खाली काय ओतलं गेलं त्यावर ठरतं. हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरला.

आधी या घरात सासूबाईंचा स्टीलचा कँडल फिल्टर होता. दर रविवारी त्या कँडल काढून मऊ ब्रशने घासायच्या आणि पावसाळ्याचे चार महिने पाणी उकळायच्या. हे सगळं बदललं २०२५च्या जानेवारीत. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले, आकडा दोनशेच्या पुढे गेला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे वळली. खासगी आरओ प्रकल्पांचं, जारचं पाणीही तपासणीत दूषित निघालं आणि महापालिकेने त्यातल्या काहींना टाळं ठोकलं. बहिणीच्या इमारतीत लोक भांडी घासायलाही उकळलेलं पाणी वापरत होते. त्या दिवसांची भीती ज्यांनी अनुभवली नाही त्यांना ती सांगून कळणार नाही.

त्याच सुमाराला मेहुण्यांच्या व्हॉट्सॲपवर मायक्रोप्लास्टिकचे संदेश फिरू लागले. माणूस आठवड्याला एका क्रेडिट कार्डाएवढं प्लास्टिक गिळतो, हृदयाच्या धमन्यांत प्लास्टिक सापडलं, बाटलीबंद पाण्यात लाखो कण आहेत. जिवाणूंची भीती ताजी होतीच, तिच्यावर ही दुसरी भीती चढली. आणि मग दारात विक्रेता आला.

तपकिरी ग्लास

विक्रेत्याने जो प्रयोग दाखवला तो सविस्तर सांगते, कारण हा निर्णय पुढची सगळी कागदपत्रं वाचून झालेला नाही, त्या पाच मिनिटांत झालेला आहे. त्याने दोन ग्लास घेतले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात सोबत आणलेलं आरओचं पाणी. दोन्हींत धातूच्या कांड्या असलेलं एक उपकरण बुडवून बटण दाबलं. मिनिटाभरात नळाचं पाणी पिवळं, मग गढूळ तपकिरी झालं, वर फेस आला, तळाशी गाळ बसला. आरओचं पाणी जवळजवळ तसंच राहिलं. "बघा मॅडम, ही घाण, हे प्लास्टिक तुमची मुलगी रोज पिते." त्याच संध्याकाळी बहिणीने आगाऊ रक्कम भरली.

मी पहिल्या भेटीत हाच प्रयोग तिच्या ओट्यावर परत केला, सुरक्षितपणे, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर, दोन लोखंडी खिळे घेऊन. तिच्याच आरओचं पाणी घेतलं. काही झालं नाही. मग त्यात चिमूटभर मीठ टाकलं. थोड्याच वेळात खिळ्याभोवती हिरवट-तपकिरी ढग दिसू लागला. बहीण बघतच राहिली. तो रंग पाण्यातला नव्हताच, खिळ्यातला होता. वीज वाहिली की लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज पाण्यात तरंगतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते. नसले की वाहत नाही. नळाच्या पाण्यात क्षार होते, एवढंच त्या तपकिरी ग्लासाने सिद्ध केलं होतं. प्लास्टिकचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

टीडीएस मीटरचंही तेच. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. प्लास्टिकचा कण विरघळत नाही आणि वीजही वाहू देत नाही. जिवाणूही या मीटरला दिसत नाहीत. लिटरमध्ये कणांची रास असली तरी आकडा हलणार नाही. तरीही याच मीटरने मला त्या मशीनमधला खरा दोष दाखवून दिला.

तीन आकडे

महापालिकेचं पाणी आलेल्या दिवशी मी नळाचा टीडीएस घेतला, लिटरला ६४ मिलिग्रॅम. खडकवासला धरणाचं पाणी मुळातच असं हलकं. आरओच्या तोटीतून आलेल्या पाण्याचा आकडा ४१. मी थबकले. चांगलं मेंब्रेन, म्हणजे आरओमधला पाणी गाळणारा अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा, नव्वद टक्क्यांहून जास्त क्षार काढतं. ६४चे ४१ होत असतील तर एकतर मेंब्रेन फाटलं होतं, नाहीतर पाणी दुसऱ्या वाटेने येत होतं. मशीनचं झाकण काढून मेंब्रेनमधून बाहेर येणारी नळी सोडवली आणि तिथलंच पाणी मोजलं. ६. म्हणजे मेंब्रेन उत्तम होतं.

मग हिशेब सोपा आहे. ६४चं पाणी आणि ६चं पाणी किती प्रमाणात मिसळलं की ४१ येतील? कच्च्या पाण्याचे सहा भाग आणि मेंब्रेनच्या पाण्याचे चार. दहा ग्लासांतले सहा ग्लास मेंब्रेनला शिवतही नव्हते. टँकरच्या दिवशी पुन्हा मोजलं. नळाला ५८०, मेंब्रेनमागे ४५, तोटीला ३६६. तेच प्रमाण.

ही दुसरी वाट, म्हणजेच बायपास, उघडतो तो टीडीएस कंट्रोलर. आपल्याकडच्या पुष्कळ मशीनमध्ये हा एक लहानसा स्क्रू असतो. तो उघडला की कार्बन फिल्टरपर्यंत आलेलं पाणी मेंब्रेनला वळसा घालून थेट पुढे जाऊन मिसळतं. सर्व्हिसला येणाऱ्या मुलाला मी विचारलं तेव्हा त्याने काही लपवलं नाही. "मॅडम, खडकवासल्याचं पाणी पूर्ण आरओतून काढलं की दहाच्या खाली जातं. लोक म्हणतात कडवट लागतं, तहान भागत नाही. मग आम्ही स्क्रू उघडून देतो. सगळीकडे तसंच करतो." त्याचं म्हणणं चवीच्या बाजूने खरंच होतं. क्षार नसलेलं पाणी बेचव लागतं. दोष त्या मुलाचा नव्हता. मुळात ६४ टीडीएसच्या पाण्याला आरओ विकणं हीच चूक होती, आणि ती चूक निस्तरायला त्याने केलेला उपाय म्हणजे आरओ निम्म्याहून जास्त बंद करणं. भारतीय मानक आयएस १०५०० पिण्याच्या पाण्यात ५०० मिलिग्रॅमपर्यंतचा टीडीएस सरळ स्वीकारार्ह धरतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९च्या मे महिन्यात ५००च्या खालच्या पाण्याला आरओ वापरण्यावर बंदी आणण्याचे निर्देश दिले होते, ते पाण्याच्या नासाडीमुळे. या घरातही एका लिटरमागे मेंब्रेन तीन लिटर पाणी गटारात सोडत होतं.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट उघडी पडली. मशीनच्या समोर निळा दिवा जळत होता आणि घरातले सगळे त्याला यूव्ही, म्हणजे जंतू मारणारा अतिनील किरणांचा दिवा, समजत होते. तो नुसता वीजपुरवठ्याचा दिवा होता. आतल्या यूव्ही नळीचा चोक जळालेला होता. कधीपासून, सांगता येत नाही.

म्हणजे टँकरचं पाणी स्पन फिल्टर आणि कार्बनमधून जाऊन, मेंब्रेन चुकवून, विझलेल्या यूव्हीखालून थेट साठवणीच्या टाकीत पडत होतं. कार्बन क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे टाकीत पाण्याचं रक्षण करायलाही काही उरत नव्हतं. टाकीच्या आतल्या कडेला बोट फिरवलं तर बुळबुळीत थर लागला.

हायड्रोजन सल्फाइडच्या चाचणीच्या तीन बाटल्या भरल्या. नळाचं टँकरचं पाणी, आरओच्या तोटीचं पाणी आणि तेच उकळून निववलेलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन काळ्या झाल्या, तिसरी तशीच राहिली. या चाचणीतून नेमका कुठला जंतू आहे हे कळत नाही, मैलापाण्याशी संबंध आलेला असण्याची खूण तेवढी मिळते. भाचीच्या शौचाची तपासणी झालेली नव्हती, त्यामुळे तिचं पोट याच पाण्याने बिघडलं असं मी म्हणणार नाही. शाळा, डबा, वाढदिवसाची पार्टी, सगळंच शक्य आहे. पण बहिणीच्या प्रश्नाला उत्तर देता आलं. प्लास्टिकच्या कणांनी तीन दिवसांत ताप आणि जुलाब होत नाहीत. ते जंतूंचं काम.

मग प्लास्टिकचं काय?

हा प्रश्न मी टाळला नाही, कारण बहिणीची काळजी खोटी नव्हती. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात, एक मायक्रॉनच्या खाली गेले की नॅनोप्लास्टिक. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चौदा देशांतल्या नळाच्या पाण्याचे १५९ नमुने पाहिले होते, त्यांतल्या ८१ टक्क्यांत कण सापडले, लिटरला सरासरी साडेपाच. त्याच वर्षी नऊ देशांतल्या २५९ बाटल्या तपासल्या गेल्या, ९३ टक्के बाटल्यांत कण होते. शंभर मायक्रॉनपेक्षा मोठे धरले तर लिटरला दहाच्या वर, बारीक धरले तर ३२५. पुढे २०२४मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी लेझरच्या नव्या तंत्राने बाटलीबंद पाणी पाहिलं तेव्हा लिटरला सुमारे दोन लाख चाळीस हजार कण मोजले गेले, त्यांतले नव्वद टक्के नॅनो. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून "सहा वर्षांत प्लास्टिक हजार पट वाढलं" असं सांगणारे संदेश फिरतात. वाढली ती नजर. जाळं बारीक झालं की मासळी जास्त दिसते.

कोलंबियाच्या त्या अभ्यासातली एक बाब मला या घरासाठी सगळ्यात मोलाची वाटली. सापडलेल्या प्लास्टिकमध्ये पॉलिअमाइड बरंच होतं, आणि ते पाणी शुद्ध करायच्या मेंब्रेनमधूनच आलं असावं असा त्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आरओ मेंब्रेनचा वरचा थर पॉलिअमाइडचाच असतो. स्पन फिल्टर म्हणजे पॉलिप्रॉपिलिनच्या धाग्यांची गुंडाळी. नळ्या पॉलिथिलिनच्या, टाकी प्लास्टिकची. प्लास्टिक अडवायला आपण पाणी प्लास्टिकच्या डझनभर भागांतून काढतो. मेंब्रेनच्या पुढे जे जे लागलेलं आहे, त्यातून सुटलेला कण अडवायला पुढे कोणीच नाही.

क्रेडिट कार्डाचं सांगते. तो आठवड्याला पाच ग्रॅमचा अंदाज २०१९चा, ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठाने डब्ल्यूडब्ल्यूएफ या पर्यावरण संस्थेसाठी केलेला. दोनच वर्षांनी नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठाने जास्त काटेकोर हिशेब मांडला, तो आठवड्याला सुमारे चार मायक्रोग्रॅमवर आला. पाच ग्रॅम आणि चार मायक्रोग्रॅम यांत दहा लाख पटींहून जास्त अंतर आहे. मेहुण्यांना मी हे आकडे कागदावर लिहून दाखवले. ते म्हणाले, "ताई, मग धमन्यांचं?" तो अभ्यास खरा आहे आणि गंभीर आहे. २०२४मध्ये इटलीतल्या संशोधकांनी मानेच्या धमनीतून काढलेल्या चरबीच्या थरांत प्लास्टिक शोधलं. २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या थरांत पॉलिथिलिन सापडलं आणि त्या रुग्णांमध्ये पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यूचं प्रमाण साडेचार पट होतं. प्लास्टिकमुळेच हे झालं असं त्यातून सिद्ध होत नाही आणि ते प्लास्टिक पाण्यातून, अन्नातून की श्वासातून आलं तेही कळत नाही. पण दुर्लक्ष करावं असं ते मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९च्या अहवालात, हाताशी असलेल्या तोकड्या पुराव्यावरून पिण्याच्या पाण्यातल्या प्लास्टिकचा धोका दिसत नाही, अधिक संशोधन करा, आणि तोवर पहिलं लक्ष जंतूंवर ठेवा असं म्हटलं होतं. सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या घराला यापेक्षा नेमका सल्ला मिळणं कठीण.

त्या अहवालातली आणखी एक गोष्ट आपल्याकडे बोलली जात नाही. प्लास्टिकचे कण गाळणारं सगळ्यात मोठं यंत्र शहराचा जलशुद्धीकरण प्रकल्प असतो. तुरटीसारख्या रसायनाने गाळ गोळा करणं, तो खाली बसवणं आणि वाळूच्या थरांतून पाणी गाळणं, या जुन्या पायऱ्यांतच बहुतेक कण अडकतात. चेकियातल्या तीन प्रकल्पांवर मोजलं गेलं तेव्हा ७० ते ८३ टक्के कण कमी झालेले आढळले. साथीच्या काळात हेच उघड झालं होतं की त्या पट्ट्यातल्या काही गावांना असा गाळण प्रकल्पच नव्हता, विहिरीत आलेल्या पाण्यात क्लोरीन मारून ते पुढे सोडलं जात होतं. जिवाणू आणि प्लास्टिक दोन्हींविरुद्धचं पहिलं काम तिथेच राहून गेलं होतं, आणि त्याची भरपाई प्रत्येक घर आपल्या ओट्यावर वीस-वीस हजार मोजून करू पाहत होतं. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त राग आला तो याचा.

घरातल्या फिल्टरचं म्हणाल तर कोणता भाग काय अडवतो हे छिद्रावर ठरतं. यूव्ही जंतू मारतो, प्लास्टिकच्या कणाला काही करत नाही. स्पन फिल्टर साधारण पाच मायक्रॉनचा. यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन) गाळणीच्या पोकळ तंतूंची छिद्रं मायक्रॉनच्या शंभराव्या भागाएवढी, आरओची त्याहूनही कितीतरी सूक्ष्म. नुसता कार्बन भरवशाचा नाही. टोरोंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३मध्ये तीन प्रकारचे घरगुती फिल्टर तपासले. ज्या दोघांत बारीक मेंब्रेन होतं त्यांनी पीव्हीसीचे ७८ ते ८६ टक्के आणि पेट (पीईटी) प्लास्टिकचे ९४ ते १०० टक्के तुकडे अडवले. तिसऱ्यात फक्त कार्बन आणि आयन बदलणारं रेझिन होतं. त्यातून बाहेर आलेल्या पाण्यात आत गेलेल्यापेक्षा जास्त कण निघाले. बहिणीच्या मशीनमधल्या बायपासच्या पाण्यालाही स्पन आणि कार्बनपुढे बारीक मेंब्रेन लागत नव्हतं.

सूक्ष्मदर्शकाखाली

माझ्याही मनात होतं की एकदा डोळ्यांनी बघावं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आरओचं पाणी बारीक छिद्रांच्या गाळणकागदातून काढलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. निळे, लाल, पारदर्शक तंतू दिसले. क्षणभर मीही हादरले. मग जे विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं सांगत आले ते केलं, तुलनेसाठी ब्लँक घेतला. दोनदा ऊर्ध्वपातित केलेलं पाणी, तसाच कागद, तीच भांडी. त्यातही जवळपास तेवढेच तंतू. मी त्या दिवशी सिंथेटिक साडी नेसले होते आणि डोक्यावर पंखा चालू होता. पुढच्या वेळी सुती ॲप्रन घालून, पंखा बंद करून, भांडी झाकून केलं, तर दोन्हींतले तंतू कमी झाले. म्हणून त्या मोजणीचा एकही आकडा मी इथे देत नाही. पण ब्लँकमधले ते तंतू बहिणीला मुद्दाम दाखवले. घरात हवेतून पडणारी धूळ, पॉलिएस्टरचे कपडे, पडदे, उघडा माठ, हेही पाण्यात तंतू पाडतात. फिल्टर कितीही भारी घेतला तरी भांड्यावर झाकण नसेल तर काय उपयोग? आणि खरी तपासणी, कण कशाचा आहे ते प्रकाशाच्या मदतीने ओळखणाऱ्या एफटीआयआर किंवा रामन यंत्रावरच होते. घरी येऊन मायक्रोप्लास्टिक मोजून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

सासूबाईंचं निवळलेलं पाणी

या सगळ्यात सासूबाई गप्प होत्या. तिसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, "आम्ही पाणी उकळून निवळू द्यायचो. वरचं हलक्या हाताने ओतून घ्यायचं, खालचा क्षार टाकून द्यायचा. आता म्हणतात मशीन असल्यावर कशाला."

२०२४च्या फेब्रुवारीत चीनमधल्या ग्वांगजौच्या संशोधकांनी हेच मोजलं. कठीण पाणी पाच मिनिटं उकळलं की त्यातला चुना कणांभोवती जमतो, त्यांना गुंडाळून खाली बसतो, आणि नंतर साध्या गाळणीतून गाळलं की तो वेगळा होतो. लिटरला ३०० मिलिग्रॅम कठीणपणाच्या पाण्यातून त्यांना जवळपास ९० टक्के सूक्ष्म कण काढता आले, ८० मिलिग्रॅमच्या पाण्यातून ३४ टक्के. मी बहिणीकडचा कठीणपणा काढला. टँकरच्या दिवशी ३१०, महापालिकेच्या दिवशी ४०च्या आसपास. म्हणजे टँकरच्या दिवशी सासूबाईंची पद्धत जंतू आणि प्लास्टिक दोन्हींवर चालते. खडकवासल्याच्या दिवशी जंतूंवर पूर्ण चालते, प्लास्टिकवर थोडीच. खाली बसलेला क्षार मात्र ढवळून घ्यायचा नाही. हे ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मला फार महत्त्वाचं वाटलं. त्या घरात पाण्याकडे रोज लक्ष देणारं एकच माणूस होतं, आणि मशीन आल्यावर त्यांनाच त्या कामातून बाजूला केलं गेलं होतं.

काय केलं

माझं मत होतं की आरओ काढून टाकावा, यूएफ आणि यूव्हीचं साधं मशीन घ्यावं. बहिणीला ते पटलं नाही. टँकरच्या दिवशी ५८० टीडीएसचं, कठीण पाणी तिला नको होतं, आणि पैसेही गुंतलेले. तिचंही चूक नाही. मग मधला मार्ग काढला. बायपासची नळी कापून तिच्यावर एक लहान यूएफ कार्ट्रिज बसवलं. आता कंट्रोलरमधून मिसळणारं पाणी आधी त्या पोकळ तंतूंतून जातं. क्षार पार होतात, जंतू आणि बहुतेक कण अडतात. यूव्हीचा चोक बदलला. टाकी घासून, क्लोरीनच्या पाण्याने धुऊन काढली. पिण्याचं पाणी आता टाकीत पडून राहत नाही, रोज सकाळी स्टीलच्या झाकणाच्या पिंपात भरून घेतात. भाचीची शाळेची बाटली स्टीलची झाली. मेंब्रेनने सोडलेलं पाणी बादलीत जमा करून फरशी पुसायला वापरतात. अडवलेले कण त्या पाण्यात एकवटलेले असतात आणि शेवटी नाल्यातून मुठा नदीकडेच जातात, हे बहिणीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

काम झाल्यावर मी परत मोजलं. महापालिकेच्या दिवशी तोटीचा टीडीएस, ४१. आधी होता तेवढाच. हायड्रोजन सल्फाइडची बाटली मात्र दोन दिवसांनंतरही स्वच्छ राहिली. आकडा तोच, पाणी निराळं. मेहुण्यांनी तो मीटर ड्रॉवरमध्ये टाकला, तो मी परत काढायला लावला. बायपास कुठवर उघडलाय हे सांगायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. फक्त त्याला प्लास्टिकबद्दल आणि जंतूंबद्दल विचारायचं नाही.

सोसायटीच्या बैठकीत बहिणीने तीन मागण्या ठेवल्या. टँकर कुठून भरला याची पावती, जमिनीखालची टाकी दर सहा महिन्यांनी साफ, आणि रोज ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं आहे का ते बघणं. गावाकडे ग्रामपंचायतीचा शिपाई टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर करतो तीच ही चाचणी, थेंब टाकायचे आणि पिवळा रंग येतो का बघायचं. पहिल्या दोन मागण्यांवर चर्चा लांबली. तिसरी लगेच मान्य झाली, कारण ती स्वस्त होती. आता वॉचमन सकाळी नळाखाली बाटली धरतो आणि रंग वहीत लिहितो. पहिल्या पंधरा दिवसांत टँकरच्या तीन दिवशी रंगच आला नाही. त्या पानाचा फोटो बहिणीने टँकरवाल्याला पाठवला.

कंपनीलाही आम्ही दोघींनी मिळून पत्र लिहिलं. जाहिरातीत "मायक्रोप्लास्टिक ९९.९ टक्के दूर" असं छापलेलं आहे. आयएस १०५००मध्ये मायक्रोप्लास्टिकची मर्यादाच नाही, आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अन्नातलं प्लास्टिक मोजायची पद्धत ठरवण्याचा प्रकल्प २०२४मध्ये हाती घेतला. अमेरिकेत एनएसएफ या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ४०१ क्रमांकाच्या मानकात अर्धा ते एक मायक्रॉनच्या कणांत किमान ८५ टक्के घट दाखवावी लागते. म्हणून विचारलं, हे ९९.९ कोणत्या मानकानुसार? कोणत्या आकाराच्या कणांवर? कार्ट्रिज नवीन असताना की वर्षभर वापरल्यावर? मेंब्रेनच्या पुढच्या पोस्ट कार्बनमधून, नळ्यांतून आणि टाकीतून काही सुटतं का, ते तपासलं आहे का? आणि चाचणीच्या वेळी टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू बंद होता की उघडा?

कॉल सेंटरमधून बहिणीला फोन आला. त्यांनी एएमसीवर (वार्षिक देखभालीच्या करारावर) सूट देऊ केली. तिने प्रश्न परत वाचून दाखवले आणि उत्तर लेखी मागितलं.